घरच्या गाडीची रेसिंग कार: काय काढायचं, काय बसवायचं आणि कायदा काय म्हणतो

दारात जुनी मारुती झेन नाहीतर एस्टीम उभी आहे. विकायला काढली तर कबाडी भंगाराचा भाव सांगतो. आणि घरातला कोणीतरी म्हणतो, "विकू नका, हिची रेसिंग कार करू." सावनेरसारख्या तालुक्याच्या गावात हे होऊ शकतं का? होऊ शकतं. आपल्या देशातली कार रेसिंग वाढली तीच मुळी अशा घरगुती गाड्यांवर. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर आणि चेन्नईजवळ शोलावरमच्या महायुद्धकालीन विमानपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा तिथे धावणाऱ्या कित्येक गाड्या म्हणजे सीटा काढलेल्या, गॅरेजमध्ये हाताने सुधारलेल्या फियाट आणि हेराल्ड होत्या. १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईचा कायमस्वरूपी ट्रॅक झाला. पुढे टूरिंग कार गटात वर्षानुवर्षं एस्टीम धावली आणि रॅलीत जिप्सी. या काही परदेशातून मागवलेल्या गाड्या नव्हत्या, आपल्या शेजाऱ्याकडे असायच्या त्याच.

पण "रेसिंग कार करणं" म्हणजे मोठा सायलेन्सर आणि स्टिकर नव्हे. म्हणून काम नेमकं कुठून सुरू होतं ते आधी पाहूया.

पाना हातात घेण्याआधी कायदा

इथे बरेच जण फसतात, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकात जी माहिती आहे ती कंपनीच्या मूळ नमुन्यापासून वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलासाठी" हे शब्द नीट वाचा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्ष किंवा १०,००० किंवा दोन्ही.

विमा तर आणखी कडक. आपल्याकडच्या सर्वसाधारण वाहन विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हा वापर सरळ वगळलेला असतो. रात्री बाराला छिंदवाडा रोडवर "जरा टेस्ट घेऊन येतो" म्हणून निघालात आणि समोरून दुचाकी आली, तर कागदावर तुमच्या बाजूने काहीच उरत नाही.

म्हणजे पहिला निर्णय हाच: गाडी फक्त ट्रॅकसाठी, की रॅलीसाठी? ट्रॅकची असेल तर ती ट्रकवर किंवा ट्रेलरवर घालून न्यायची, स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणायची नाही. वाहन रस्त्यावर वापरण्याजोगं राहिलं नाही तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची, अशी तरतूद कलम ५५ मध्ये आहे. सावनेरच्या गाडीवर एमएच-४० असेल तर हे काम नागपूर ग्रामीणच्या आरटीओत. रॅलीचं गणित वेगळं आहे. रॅलीत दोन स्पर्धा-टप्प्यांच्या मधला रस्ता सार्वजनिक असतो, तिथे बाकीच्या वाहतुकीसारखंच चालावं लागतं. त्यामुळे त्या गाडीला नोंदणी, विमा, पीयूसी सगळं जिवंत ठेवावं लागतं.

स्पर्धा कोण घेतं? भारतात मोटर स्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, सगळे एफएमएससीआय म्हणतात. तिचं लायसन्स घ्यावं लागतं, आणि गाडी कोणत्या गटात बसते ते तिच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तकावरून ठरतं. हे पुस्तक आधी वाचा, मग गाडी उघडा. उलटं केलं तर शेवटी नियमात न बसणारी महागडी गाडी हाती राहते.

सगळ्यात आधी रोल केज

रोल केज म्हणजे केबिनच्या आत बसवलेला स्टीलच्या पाइपांचा पिंजरा. गाडी उलटली तरी छत ड्रायव्हरच्या डोक्यावर येऊ नये, हे त्याचं काम. शिवाय बॉडी कडक होते, त्यामुळे वळणावर गाडी पिळत नाही.

आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएच्या नियमात यासाठी स्पष्ट मापं आहेत. पाइप सीमलेस, म्हणजे जोड नसलेला, कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलचा हवा. त्याची ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान किमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. बाकीचे पाइप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली फ्लोअरला किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंमी क्षेत्रफळाची पट्टी लागते, बोल्टने जोडायचं असेल तर एम-८ चे किमान ३ बोल्ट. पाइप वाकवायचा तो थंडच. भट्टीत लाल करून, वाळू भरून वाकवलेला पाइप चालत नाही.

आता गावातली अडचण. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो जीआय पाइप किंवा ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीला जोड असलेला. गेटला ठीक आहे, केजला नाही. जीआयवरचा जस्ताचा थर वेल्डिंग करताना जळतो, त्या धुराने ताप भरतो ते वेगळंच. सीमलेस पाइपसाठी नागपूरच्या स्टील व्यापाऱ्याकडे जावं लागेल, आणि टेस्ट सर्टिफिकेटसकट मागा. वेल्डरची मात्र आपल्या भागात तेवढी पंचाईत नाही. सावनेर-सिलेवाडा पट्ट्यात वेकोलिच्या खाणी, जवळच खापरखेडा आणि कोराडीची वीज केंद्रं. प्रेशर पाइपवर काम केलेला माणूस शोधला तर सापडतो. त्याला टीआयजी किंवा एमआयजीने, पाइपच्या पूर्ण घेरात जोड द्यायला सांगा. छताला टेकलेल्या पाइपच्या मागच्या बाजूला वेल्डिंगचा हात पोचत नाही आणि बरेच जण तेवढा भाग तसाच सोडतात. तोच जोड उघडतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा, ईसीयू काढा, आणि पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा. "रिकामी आहे" म्हणून ठेवलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. जुन्या गाडीत गॅस किट असेल तर सिलिंडरही आधी बाहेर.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. केज बसवलेली गाडी रोजच्या वापरात चालवू नका, कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी नको. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं, अंगाला सहा बिंदूंचा पट्टा असतो, पाइपवर ठरावीक प्रतीचं पॅडिंग असतं. बाजारात जाताना यातलं काही नसतं, आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर स्टीलचा पाइप असतो. ज्या टकरीत कंपनीच्या गाडीत नुसतं टेंगूळ आलं असतं, तिथे कवटी फुटते. उलट चूकही तितकीच वाईट: केज नाही, पण दिसायला भारी म्हणून चार बिंदूंचा पट्टा लावलेला. छत दबलं तर साध्या पट्ट्यात माणूस निदान बाजूला कलंडतो, या पट्ट्यात तो ताठच अडकून राहतो.

सीट, पट्टा, हेल्मेट यांच्यावर एफआयएचा शिक्का आणि मुदतीचं वर्ष असतं. मुदत संपलेला पट्टा स्वस्तात मिळतो, पण गाडीच्या तपासणीत तो चालत नाही. याशिवाय अग्निशामक आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून चालणारा मुख्य कट-ऑफ स्विच लागतो. बाहेरच्या स्विचजवळ निळ्या त्रिकोणात लाल वीज, हे चिन्ह लावावं लागतं. गाडी उलटी पडली असताना मदतीला धावलेल्या माणसाला तो स्विच एका नजरेत दिसला पाहिजे.

ब्रेक

ड्रायव्हरसकट ८०० किलोची गाडी ताशी १२० किमीवरून ६० वर आणली की ब्रेकमध्ये सुमारे ३३३ किलोजूल उष्णता तयार होते. २० अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच लागते. म्हणजे प्रत्येक मोठ्या वळणाला तुम्ही ब्रेकमध्ये एक लिटर पाणी उकळताय, आणि एका फेरीत अशी वळणं कितीतरी.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट-३ चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, डॉट-४ चा २३०. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल सरळ फ्लोअरला लागतं. म्हणून ताजं, सीलबंद डब्यातलं डॉट-४, चांगले पॅड आणि डिस्कवर हवा नेणारा पाइप, एवढं केलं तरी पहिल्या वर्षाचं काम भागतं. मोठ्या डिस्कच्या मागे लगेच धावू नका.

वजन

साधारण ७५० किलोची, ६० बीएचपीची झेन घ्या. तिच्यातून ८० किलो काढले तर वेग पकडण्याच्या बाबतीत ती ६७ बीएचपीच्या गाडीसारखी होते. खर्च? एक पान्यांचा सेट आणि रविवार. मागची सीट, गालिचे, स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टिम, एसी, फ्लोअरवरचे डांबरी थर हे सगळं निघतं. त्यातले ३०-४० किलो केजमुळे परत येतात. नियमात किमान वजन दिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका. आणि बॉडीच्या मुख्य चॅनेलला भोकं पाडून ग्रॅम वाचवणं हा शुद्ध वेडेपणा.

गाडीखाली काम करताना नुसत्या जॅकवर विश्वास नको. खाली स्टँड हवेतच, आणि जमीन पक्की हवी. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात स्टँडसुद्धा गिळते.

टायर, सस्पेन्शन आणि एक ओळंबा

रबराचे जुने बुश बदलणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फायद्याचं काम. ते ढिले असतील तर बाकीची कोणतीही सेटिंग टिकत नाही. त्यानंतर कॅम्बर, म्हणजे चाकाचं आत-बाहेर झुकणं. वळणावर गाडी बाहेर कलते, त्यामुळे टायर पूर्ण टेकावा म्हणून पुढची चाकं वरून थोडी आत झुकवतात, बहुधा २ ते ३ अंश. हे मोजायला मशीन लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, फेंडरवरून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर मोजा. १३ इंची रिमला दोन्ही अंतरांत सुमारे ६ मिमी फरक म्हणजे १ अंश.

इंजिन शेवटी का?

कारण सगळ्यांना तेच आधी करायचं असतं. खरं तर पहिल्या वर्षी इंजिन फक्त निरोगी हवं: कॉम्प्रेशन सारखं, गळती नाही, रेडिएटर साफ. लांब वळणावर ऑइल संपमध्ये एका बाजूला सरकतं, पंपाला हवा लागते आणि बेअरिंग जातात. म्हणून संपमध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, बसवून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते, आणि इंजिनची ताकद साधारण तेवढीच घटते. गरम बॉनेटखालून हवा घेणारा उघडा फिल्टर लावला तर नुकसान आणखी वाढतं. आवाज मात्र छान येतो, म्हणून लोक लावतात.

चालवायची कुठे?

बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडात, इरुंगट्टुकोट्टई चेन्नईजवळ. सावनेरहून दोन्हीकडे हजार किमीच्या आसपास प्रवास आहे, त्यामुळे ट्रेलरचं भाडं बजेटमध्ये आधीच धरा. सुरुवात ऑटोक्रॉसने केलेली बरी. मातीच्या आखलेल्या मार्गावर घड्याळाशी स्पर्धा असते, वेग कमी आणि गाडीची मोडतोडही कमी.

विद्यार्थी असाल तर आणखी एक रस्ता आहे, आणि तो शब्दशः सावनेरवरून जातो. राष्ट्रीय महामार्ग ४७ पुढे बैतूलवरून इंदूरला पोचतो. इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा सुरू झाली. तिथे कॉलेजचे संघ स्वतः बांधलेली छोटी ऑफ-रोड गाडी घेऊन उतरतात. केजची मापं, वेल्डिंगचे नमुने सगळं तपासतात. ब्रेकच्या परीक्षेत चारही चाकं लॉक व्हायलाच लागतात, नाही झाली तर गाडी पुढे सोडत नाहीत. घरी काम करतानाही ही परीक्षा घेऊन बघता येते. मोकळं पटांगण, आत एकच माणूस, डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावलेला, ताशी ३० किमी. जोरात ब्रेक दाबा, मग उतरून जमिनीवरचे चार काळे पट्टे मोजा. तीनच दिसले तर गाडी परत शेडमध्ये.