वॉरिंग्टन पितापुत्र आणि फिश टँकच्या फिल्टरचे कोडे

१/ घरातील फिश टँकला फिल्टर केवढा लावावा? या प्रश्नाची उकल एका रसायनशास्त्रज्ञाच्या काचपात्रात सुरू झाली आणि त्याच्या पुत्राच्या शेतीविषयक संशोधनातून पुढे सरकली.

२/ १८४९, लंडन. रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे १२ गॅलनचे काचपात्र झऱ्याच्या पाण्याने अर्धे भरले. तळाशी वाळू, गाळ व चुनखडीचे दगड. पाण्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. कुजक्या पानांनी पाणी गढूळ झाले, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. पाणी निवळले.

३/ १८५० मध्ये त्यांनी केमिकल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला : वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजलेले खाते, माशाचे उत्सर्ग वनस्पतीला पोसतात. हा समतोल राखला, तर पाणी बदलावे लागत नाही. पण मासे थोडे वाढले तरी तो ढळे.

४/ विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी वेगळा मार्ग धरला. १८७१ मध्ये खुल्या झालेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात टाक्यांतील पाणी त्यांहून कितीतरी मोठ्या, अंधाऱ्या हौदातून पंपाने अखंड फिरत असे. उपाय लागू पडला. पण पाणी शुद्ध कशाने होते, हे पूर्णपणे उलगडले नव्हते.

५/ १८७७, फ्रान्स. श्लोसिंग व म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे सोडले. सुमारे २० दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच प्रक्रिया थांबली. म्हणजे हे काम सजीवांचे होते.

६/ इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे हा धागा उचलला धाकट्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. शेतजमिनीतील नत्राचा शोध घेताना त्यांना दोन टप्पे दिसले : अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट. १८९० मध्ये विनोग्राडस्की यांनी झुरिकला हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

७/ माशांच्या उत्सर्गातला अमोनिया माशांनाच विषारी असतो. थोरल्या वॉरिंग्टन यांच्या पात्रातील वाळू आणि दगड या जिवाणूंना उत्तम आधार देणारे होते. १८६७ मध्ये निवर्तलेल्या त्या शास्त्रज्ञाला आपल्या समतोलातील हा अदृश्य भागीदार कधीच कळला नाही.

८/ म्हणूनच ‘ताशी टाकीच्या चौपट पाणी फिरवणारा फिल्टर’ हा प्रचलित ठोकताळा अपुरा ठरतो. १०० लिटरच्या टाकीला ४०० लिटरचा पंप, हे झाले प्रवाहाचे माप. जिवाणूंना वस्तीसाठी लागतो स्पंज वा सच्छिद्र दगडांचा पृष्ठभाग. तो माशांची संख्या आणि त्यांचे खाणे पाहून ठरवावा लागतो. प्रवाह अतिजोराचा असेल, तर बेट्टासारखा संथ पाण्यातला मासा थकून जातो.

९/ नव्या फिल्टरमध्ये ही वस्ती जमायला काही आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच असावेत. स्पंज क्लोरीनयुक्त नळाखाली धुतला, तर वस्ती मरते. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलके खळबळावा.