गॅस गिझर जुना झालाय? दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हे असं ठरवा

चंद्रपूर म्हटलं की आठवतो तो उन्हाळा. पण डिसेंबर-जानेवारीत ताडोब्याच्या बाजूला किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सकाळी बादलीत हात घालून बघा. गरम पाण्याशिवाय आंघोळ होत नाही. मग वर्षभर बंद असलेला गिझर सुरू केला जातो आणि नेमका तेव्हाच तो दगा देतो. मेकॅनिक म्हणतो, ‘जुना झालाय, नवा घ्या.’ खरंच घ्यावा का?

आधी बघा, गिझर लावलाय कुठे?

हा प्रश्न पैशांच्या आधी येतो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण क्षमतेने पंधरा मिनिटं चालला, तर पाव किलोच्या आसपास गॅस जळतो. म्हणजे ३ घनमीटर हवा लागली. पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच सात घनमीटरच्या आत असते. दोघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या की जवळपास निम्मी हवा वापरून झालेली असते.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपट जास्त घट्ट धरतं. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळे गळती कळते. कार्बन मोनॉक्साईडला वासही नाही आणि रंगही नाही. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणूस दार उघडण्याआधीच कोसळतो.

म्हणून गिझर बाथरूमच्या आत असेल, तर दुरुस्ती की खरेदी हा वाद नंतर. आधी तो बाहेर, मोकळ्या हवेत हलवा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणा. नवाकोरा गिझरसुद्धा बंद बाथरूममध्ये तितकाच धोकादायक आहे.

दुरुस्ती कधी पुरेशी?

- ठिणगीच पडत नाही: आधी सेल बदला. बऱ्याचदा तेवढंच असतं.
- पाण्याची धार बारीक झाली: जाळीत कचरा किंवा आत क्षार साचलेत. बोअरच्या जड पाण्यात हे हमखास होतं. साफ करून घ्या.
- नळ सोडला तरी बर्नर पेटत नाही: पाण्याच्या दाबावर चालणारा रबरी पडदा फाटलेला असू शकतो. हा भाग स्वस्तात बदलून मिळतो.
- गॅसची नळी: सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच, फाटलेली दिसो वा न दिसो. नळीवर तारीख छापलेली असते.

नवा कधी घ्यायचा?

ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसत असेल किंवा वर काजळी धरत असेल, तर वापर लगेच थांबवा. बर्नर साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली, तर गिझर बदला. तांब्याची आतली नळी गळायला लागली, गॅसचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसला किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तरीही तेच करा. एरवी साधा हिशेब ठेवा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर पैसे नव्यात घाला. घेताना आयएस १५५५८ हे मानक आणि आयएसआय खूण बघा.

मग गॅसच घ्यायचा का?

२० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ५५ ते ६० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जवळपास अडीचशे आंघोळी. गिझर बाहेर लावायला जागाच नसेल, तर विजेचा गिझर बरा. १५ लिटरची टाकी २० वरून ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. मात्र अर्थिंग तपासून घ्या.

जंगलालगतच्या गावांत गणित वेगळं आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला, पण तो स्वयंपाकाला पुरवून वापरतात. अंघोळीचं पाणी अजून चुलीवर किंवा बंबावर तापतं. सरपणासाठी जंगलात जावं लागतं आणि तिथे वाघाची गाठ पडते. बंब गळत असेल तर झाळून घ्या, जाळी बदला. उघड्या चुलीपेक्षा बंबाला लाकूड कमी लागतं आणि जंगलातली एखादी फेरी वाचते. फक्त बंबही बंद खोलीत पेटवू नका, कारण धुरातही तोच वायू असतो.

कुणाला चक्कर आली तर?

दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. गॅसचा वास येत असेल तर विजेचं बटण दाबू नका, बाहेर येऊन १९०६ वर कळवा.

आणि उद्या सकाळी आंघोळीआधी एकदा ज्योतीचा रंग बघा.