लिटलमोरचा संन्यासिनी-मठ : दप्तर आणि अस्थी

इंग्लंडातील ऑक्सफर्डच्या आग्नेयेस लिटलमोर येथे बाराव्या शतकात रॉबर्ट दि सँडफर्ड याने बेनेडिक्टाइन संन्यासिनींसाठी एक लहानसा मठ स्थापिला. त्याच्या उरलेल्या वास्तूस पुढे 'मिंचरी' हे नाव राहिले. प्राचीन इंग्रजीत 'मिनेचेन' म्हणजे संन्यासिनी. 'मुनुक' या पुल्लिंगी शब्दाचे ते स्त्रीलिंगी रूप होय.

या मठाचा इतिहास मुख्यतः बिशपांच्या तपासणी-वृत्तांतांतून कळतो. १४४५ मध्ये येथे सात संन्यासिनी होत्या. त्या रोज मांस खातात, अशी नोंद झाली. शयनगृह कोसळेल या भीतीने त्या तेथे निजण्यास धजत नव्हत्या, हेही त्याच तपासणीत आढळले. १५१७ चा वृत्तांत अधिक कठोर आहे. प्रमुख संन्यासिनी कॅथरिन वेल्स हिला एका पाद्र्यापासून मुलगी झालेली होती, आणि तिच्या हुंड्यासाठी तिने मठाची भांडी, चादरी व पिसांच्या गाद्या काढून नेल्या, असे तीत म्हटले आहे. इतर संन्यासिनींना अन्नवस्त्र मिळत नव्हते. तक्रार करणारीचे पाय खोड्यात अडकविले जात. पुढल्या वर्षीच्या तपासणीत त्यांच्यापैकी काहींनी खोडा जाळून, खिडकी फोडून पलायन केल्याचे नमूद आहे. ही कृती वृत्तांतात बेशिस्तीचा पुरावा म्हणून येते. उपाशी ठेवलेल्या स्त्रियांनी याहून वेगळे काय करावयाचे होते, हा प्रश्न मात्र आम्हांस टाळता येत नाही.

हे आरोप खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु १५२५ मध्ये कार्डिनल वुल्सी याने पोपच्या संमतीने हा मठ बंद करून त्याचे उत्पन्न ऑक्सफर्डमधील आपल्या नव्या महाविद्यालयाकडे वळविले. तेच आजचे क्राइस्ट चर्च. जिच्यावर सर्वांत गंभीर आरोप होते, त्या कॅथरिनला निवृत्तिवेतन मिळाले!

२०१४-१५ च्या उत्खननात येथे ९२ दफने सापडली. चर्चच्या मध्यभागी दगडी शवपेटीत पुरलेली एक प्रौढ स्त्री होती. ती बहुधा मठप्रमुख असावी. एक स्त्री पालथी पुरलेली होती. कुष्ठरोगाच्या खुणा असलेली एक व्यक्ती आणि खुब्याचे जन्मजात व्यंग असलेली मुलेही त्याच भूमीत मिळाली. अशा रुग्णांचा मठाशी आलेला संबंध आम्ही वर दिलेल्या तपासण्यांत कोठे दिसत नाही. तपासनीस दोष शोधण्यास आले होते, आणि त्यांनी दोषच लिहून नेले.