लोखंडी खांबांचे हॉटेल

वडसा-देसाईगंजच्या आसपासच्या खेड्यांतले जुने घर बघा. जमिनीत रोवलेले लाकडी खांब, त्यांवर आडवी मयाल, मयालीवर छप्पर. भिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या तट्ट्यावर मातीचा लेप. ही भिंत पाऊस-वारा अडवते. छपराचा भार तिच्यावर नसतो. ती काढली तरी छप्पर जागेवर राहते. विटामातीच्या जाड भिंतींच्या वाड्यात असे करून चालणार नाही, कारण तिथे भिंत हाच खांब.

मुंबईत काळाघोडा भागातले वॉटसन हॉटेल याच कुडाच्या घराचे लोखंडी भावंड आहे, असे आम्ही म्हटले तर वास्तुतज्ज्ञ हसतील. पण तत्त्व तेच. जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने १८६७ साली ही जागा ९९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली; वार्षिक भाडे ९२ रुपये १२ आणे. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. खांब ओतीव लोखंडाचे, तुळया घडीव लोखंडाच्या. सगळे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजाने आले आणि इथे जोडले गेले. विटांच्या भिंती नुसत्या भरावाच्या. पाच मजले, सुमारे १३० खोल्या. १८७१ साली हॉटेल सुरू झाले. शिकागोची होम इन्शुरन्स इमारत, जिला गगनचुंबी इमारतींची आजी म्हणतात, ती १८८५ सालची. वॉटसनचा सांगाडा तिच्याआधीचा आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

१८९६ हे या हॉटेलचे भाग्याचे वर्ष. मार्क ट्वेन इथे उतरला आणि सज्जातून दिसणाऱ्या कावळ्यांवर त्याने पुढे मजेदार वर्णन लिहिले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंची हलती चित्रे इथे दाखवली गेली. भारतातला तो पहिला चित्रपट खेळ.

मग उतरण. १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले. (जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट वर्गात सांगायला छान आहे, तिला भक्कम पुरावा मात्र नाही.) विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले. इमारतीचे नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले. मोठ्या खोल्यांना आडभिंती घालून लहान गाळे केले गेले आणि त्यांत वकिलांच्या कचेऱ्या, दुकाने, बिऱ्हाडे आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जुन्या दरावर गोठली. भाडेकरूला निवारा मिळाला हे खरे. पण तेवढ्या भाड्यात लोखंडाला रंग देण्याचा खर्चही निघेना, हेही खरे.

आणि लोखंडाला रंग हवाच. ओतीव लोखंडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. ते दाब उत्तम सोसते, ताणाला मात्र ठिसूळ. म्हणून खांब ओतीव, तुळया घडीव. पाणी आणि हवा यांच्या संपर्कात लोखंड गंजते. समुद्राच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड हे काम वेगाने घडवते. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तुळईचे टोक विटांत गाडलेले असेल तर हा फुगणारा गंज विटा फोडतो, भेगांतून आणखी पाणी आत जाते. तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून पाहा: एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे, तिसरीत गोडे तेल. आठवड्यात फरक दिसेल.

२००५ साली सज्जाचा एक भाग कोसळला. त्याच वर्षी जागतिक स्मारक निधीने जाहीर केलेल्या २००६ च्या धोक्यातील शंभर वास्तूंच्या यादीत हिचे नाव आले. २०१९ मध्ये मुंबईच्या आयआयटीच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली आणि रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. संवर्धन करणाऱ्या वास्तुविशारदांचे मत वेगळे होते: ती दुरुस्त होऊ शकते.

आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण पुन्हा कुडाच्या घरात सापडते. वाळवीने एक खांब पोखरला तर गावकरी घर पाडत नाहीत. शेजारी टेकू लावतात, भार त्यावर घेतात, खांब बदलतात. लोखंडी सांगाड्यातही हे करता येते. ओतीव लोखंड जोडकामाला अवघड असते, म्हणून नवा भाग ओतून बोल्टने बसवावा लागतो. मात्र आधी प्रत्येक खांबाची जाडी ध्वनिलहरींनी मोजावी लागते, नंतर घातलेल्या आडभिंतींचा भार उतरवावा लागतो. काम संथ आणि खर्चाचे. आत माणसे राहत असताना तर ते धोक्याचेही, त्यामुळे इमारत रिकामी करण्याला आमचा आक्षेप नाही.

ताजची तुलना इथे उपयोगी पडते. त्याचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य १९०० साली वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ही जुनी इमारत आगीत होरपळली. १५ ऑगस्ट २०१० रोजी ती पुन्हा उघडली, म्हणजे दोन वर्षांच्या आत. तिथे मालक एक होता, हॉटेल चालते होते आणि पैसा होता. वॉटसनमध्ये खोल्यांचे शेकडो तुकडे, हक्कांचे तितकेच तुकडे, आणि टेकूचा खर्च कोणी करायचा यावर एकमत नाही.