गाव सोडला, रोग मागे राहिला का?

आपल्या आचऱ्याच्या गावपळणीचं नवल आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव वेशीबाहेर पडतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही बाळं, म्हातारी माणसं, कोणी मागे राहत नाही. तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत संसार मांडायचा आणि पुन्हा कौल मिळाला की घरी परतायचं. ही चाल का पडली, याच्या गोष्टी घरोघरी वेगळ्या. कोणी देवाची आज्ञा सांगतं, कोणी भुताखेतांचं सांगतं. कोणी म्हणतं, रोगराई टळावी म्हणून. हे शेवटचं ऐकलं की आम्हाला प्रश्न पडतो: गाव सोडल्याने रोग खरंच मागे राहतो का? उत्तरासाठी सव्वाशे वर्षं मागे जाऊ या.

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईच्या मांडवी भागात, बंदराजवळच्या धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, माणसं तापाने पटापट मरू लागली. जांघेत, काखेत गाठ यायची आणि चार-सहा दिवसांत खेळ संपायचा. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, हा प्लेग आहे. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. त्यांत गिरण्यांत राबणारी आपल्या कोकणातली माणसंही होती.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. डोळ्यांना न दिसणारा, एकाच पेशीचा जीव. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोणाला उमगलं नव्हतं. त्यामुळे उपाय झाले ते अंदाजाने. पुण्यात गोरे सोल्जर घरांत शिरत, सामान बाहेर फेकत, बायकांच्याही काखा-जांघा तपासत. लोक इतके धास्तावले की आजारी माणूस लपवू लागले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले मात्र आजाऱ्यांच्या जवळ गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं. त्यांना स्वतःलाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुढच्याच वर्षी कराचीत सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कोडं उलगडलं. प्लेग आधी उंदराला होतो. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचं रक्त पिते, तेव्हा जंतू तिच्या पोटात जातो. उंदीर मेला, त्याचं अंग गार पडलं की पिसू दुसरं ऊबदार अंग शोधते आणि माणसाला चावते. तिथून जंतू शरीरातल्या जवळच्या गाठीत शिरतो, एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढतो. शरीर त्याच्याशी झगडतं, म्हणून ताप येतो, गाठ सुजते. जंतू रक्तात पसरला, त्याचं विष भिनलं, की माणूस हातचा जातो. फुप्फुसात पोचला तर खोकल्यातूनही दुसऱ्याला लागतो.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. त्या काळी घरात उंदीर पडू लागले की अनेक गावांतली माणसं रानात झोपड्या घालून राहत. ते शहाणपणाचंच होतं, कारण उंदीर आणि पिसवा मागे राहत. पण गाठोड्यात पिसू आली किंवा आजारी माणूस बरोबर आला, तर रोगही सोबत येई. रोग मागे राहणं न राहणं हे जंतूच्या वाटेवर अवलंबून होतं. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातून येतो, मलेरियाचा डासातून, क्षयाचा खोकल्यातून. ज्याची जी वाट, तीच अडवायची.

हे आज का सांगतो? कारण उंदीर अजून आपल्या मळ्यात आहे. आता तो लेप्टो आणतो. त्याच्या मुतातून जंतू शेताच्या पाण्यात उतरतो आणि लावणी करताना पायाच्या भेगांतून, जखमांतून आपल्या अंगात शिरतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, ही त्याची लक्षणं. पुढे तो मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. वेळेवर औषध घेतलं तर बरा होतो.

वेळेवर, हाच शब्द आपल्या अंगाशी येतो. लावणी अर्ध्यावर, पैरी ठरलेले, घरात करणारं दुसरं कोणी नाही. मग आपण म्हणतो, "ताप काय, येता नि जाता." पॅरासिटामॉलची गोळी गिळून पुन्हा चिखलात उतरतो. पॅरासिटामॉल ताप उतरवते, जंतू मारत नाही.

म्हणून गटातल्या सगळ्याजणींनी ठरवू या. पायाला भेग किंवा जखम असेल तर ती झाकल्याशिवाय, जमलं तर गमबूट घातल्याशिवाय, मळ्यात उतरायचं नाही. धान्य उंदराला उघडं ठेवायचं नाही. आणि लावणीच्या दिवसांत ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं आणि डॉक्टरांनी न विचारताही सांगायचं, "मी शेतात, पाण्यात काम करते." एकीला ताप आला, तर तिच्या वाट्याचा तरवा बाकीच्यांनी लावायचा.

गावपळणीला आपण कोणाला मागे ठेवत नाही. लावणीतही तापात पडलेल्या बाईला एकटी सोडायची नाही.