लुटुपुटीचा हल्ला, खरी परीक्षा

गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकापाशी एक नोंदवही ठेवलेली असते. येणारा-जाणारा तीत नाव, वेळ आणि सदनिका क्रमांक लिहितो. वही भरली की नवी आणली जाते. जुनी मात्र चोरी झाल्यानंतरच उघडली जाते. बँका, रुग्णालये आणि मोठी कार्यालये यांच्या संगणकांत साठणाऱ्या नोंदींचेही पुष्कळदा असेच होते. नोंद झाली म्हणजे ती कोणी पाहिली, असे नव्हे. आणि पाहण्याची व्यवस्था केली म्हणजे ती चालते, असेही नव्हे. ती चालते की नाही हे चोर येण्यापूर्वीच पडताळून पाहण्याची एक पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. नोंदी सांभाळणारी प्रणाली आणि सुरक्षेची चाचणी घेणारा मंच यांची सांगड, हे त्या पद्धतीचे मर्म आहे.

लॉग म्हणजे काय?

संगणकावर घडणाऱ्या घटनेची वेळेसह केलेली नोंद म्हणजे लॉग. कोणी पासवर्ड चुकवला, कोणता प्रोग्राम सुरू झाला, फायरवॉलने कोणती जोडणी नाकारली, या साऱ्यांची टिपणे यंत्रे आपोआप करीत असतात. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी टपालवाहक सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी सिसलॉग ही पद्धत तयार केली. पुढे ती सर्वत्र पसरली आणि २००९ साली तिचे सुधारित प्रमाण रूप प्रसिद्ध झाले. विंडोज प्रणालीत प्रत्येक प्रकारच्या घटनेला क्रमांक असतो. फसलेल्या प्रवेशाचा क्रमांक ४६२५, तर सुरक्षेच्या नोंदी पुसल्या गेल्याचा क्रमांक ११०२.

शेकडो यंत्रांवरील अशा नोंदी एके ठिकाणी गोळा करणे, त्यांना समान रूप देणे, त्यांत शोध घेणे आणि ठरावीक नियमांनुसार इशारा देणे हे लॉग-व्यवस्थापन प्रणालीचे काम. स्प्लंक, इलॅस्टिक, ग्रेलॉग ही या क्षेत्रातील परिचित नावे होत.

चाचणी-मंचाचे काम

निरुपद्रवी वस्तू वापरून सुरक्षेची परीक्षा घेण्याची कल्पना जुनीच आहे. आयकार या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक फाइल असते. तिच्यात विषाणू नसतो. परंतु प्रत्येक अँटिव्हायरसने ती विषाणू समजून पकडावी असा संकेत आहे. पकडली नाही, तर पहारेकरी झोपला आहे असे समजावे.

आजचे चाचणी-मंच हीच कल्पना पुष्कळ पुढे नेतात. अमेरिकेतील मायटर या ना-नफा संस्थेने हल्लेखोरांच्या प्रत्यक्ष कार्यपद्धतींची अ‍ॅटॅक नावाची सूची २०१३ साली सुरू केली आणि २०१५ साली ती सर्वांसाठी खुली केली. तीत प्रत्येक क्लृप्तीला क्रमांक आहे. उदाहरणार्थ, विंडोजच्या स्मृतीतून पासवर्डविषयक माहिती काढणे ही क्लृप्ती टी १००३.००१ या क्रमांकाने ओळखली जाते. चाचणी-मंच आपला एक छोटा प्रोग्राम, म्हणजे एजंट, निवडक संगणकांवर बसवतो आणि त्याच्याकरवी या क्लृप्त्या आटोपशीर व सुरक्षित रूपात करवून घेतो. मायटरचे काल्डेरा आणि रेड कॅनरीचे अ‍ॅटॉमिक रेड टीम ही साधने विनामूल्य मिळतात. अ‍ॅटॅकआयक्यू, सेफब्रीच, पिकस, सिम्युलेट आदी कंपन्या सशुल्क मंच पुरवतात.

सांगड का घालावी?

एकटा चाचणी-मंच एवढेच सांगू शकतो की क्लृप्ती यशस्वी झाली की अडवली गेली. परंतु कोणतीही तटबंदी सर्वच हल्ले अडवत नाही. जो हल्ला आत शिरला, तो कोणाच्या लक्षात आला काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर लॉग-प्रणालीपाशी असते. दोन्ही जोडल्यावर प्रत्येक क्लृप्तीचा निकाल चारांपैकी एका प्रकारात मोडतो: अडवली, अडवली नाही, परंतु इशारा वाजला, इशारा नाही, केवळ नोंद झाली, आणि नोंदही नाही. यांपैकी तिसऱ्या प्रकारात नियम लिहून भागते. चौथ्यात मात्र नियम कितीही लिहिले तरी व्यर्थ, कारण मुळात कच्चा मालच येत नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत १३ मे २०१७ पासून हल्लेखोर वावरत होते. जाणारी-येणारी सांकेतिक माहिती तपासणारे उपकरण कंपनीपाशी होते. पण त्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत अनेक महिन्यांपूर्वीच संपली होती आणि त्यामुळे ते उपकरण आंधळे झाले होते. २९ जुलै रोजी प्रमाणपत्र नवे केले आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसू लागली. तोपर्यंत सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती उघडी पडली होती. दर आठवड्याला त्या मार्गाने एखादा लुटुपुटीचा हल्ला पाठवला असता, तर उपकरणाचे मौन फार आधी उघडकीस आले असते.

टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीची कथा वेगळी. २०१३ च्या नोव्हेंबरअखेर तेथील सुरक्षा-प्रणालीने इशारा दिला होता. बंगळुरू येथील पथकाने तो पाहून मिनिॲपोलिसच्या मुख्यालयास कळवलेही होते. पुढे काही हालचाल झाली नाही आणि सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. यंत्राने आपले काम केले होते, साखळी पुढे माणसांपाशी तुटली. म्हणूनच चाचणीचा शेवट इशारा वाजण्यापाशी न करता तो कोणी किती वेळात हाती घेतला इथवर न्यावा लागतो.

जोडणी कशी होते?

प्रत्यक्ष जोडणीची तत्त्वे बहुतेक उत्पादनांत सारखीच असतात.

पहिली पायरी खात्याची. लॉग-प्रणालीत चाचणी-मंचासाठी स्वतंत्र खाते उघडावे आणि त्याला केवळ शोध घेण्याचा व इशारे वाचण्याचा अधिकार द्यावा. सर्वाधिकार असलेले खाते सोयीचे वाटते. परंतु मंचाच्याच किल्ल्या चोरीस गेल्या, तर चोराच्या हाती सारी दफ्तरखोली लागेल. पासवर्डाऐवजी टोकन वापरावे आणि ते ठरावीक काळाने बदलावे.

दुसरी पायरी मार्गाची. मंच इंटरनेटवरील असेल, तर लॉग-प्रणालीचे दार बाहेरून उघडणे योग्य नव्हे. त्याऐवजी कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये एक मध्यस्थ सर्व्हर बसवतात. तो स्वतःहून बाहेर जोडणी करतो, काम विचारतो आणि आतल्या आत लॉग-प्रणालीला प्रश्न पाठवतो. स्प्लंकमध्ये असे प्रश्न सामान्यतः ८०८९ या पोर्टवर, तर इलॅस्टिकसर्चमध्ये ९२०० वर स्वीकारले जातात. मध्यस्थ सर्व्हरला नेमके तेवढेच पोर्ट मोकळे ठेवावे. प्रमाणपत्राची तपासणी बंद करून जोडणी करण्याचा मोह टाळावा.

तिसरी पायरी शोधाची. एजंटाने क्लृप्ती केव्हा सुरू केली, केव्हा संपवली आणि कोणत्या यंत्रावर केली हे मंचाला ठाऊक असते. त्या कालावधीतील, त्या यंत्राच्या, त्या क्लृप्तीशी निगडित नोंदी आहेत काय, असा प्रश्न तो एपीआयद्वारे विचारतो आणि उत्तरावरून निकाल लावतो.

चौथी पायरी प्राथमिक पडताळणीची. पहिल्याच दिवशी शंभर क्लृप्त्या चालवू नयेत. चाचणीसाठी राखलेल्या विंडोज संगणकावरील सुरक्षा-नोंदी पुसून पाहाव्यात. क्रमांक ११०२ ची नोंद अशा वेळी होतेच. ती लॉग-प्रणालीत पोहोचली आणि मंचाला सापडली, म्हणजे नळाला पाणी येते हे सिद्ध झाले. मग पुढे जावे.

नेहमीचे अडथळे

सर्वांत फसवा अडथळा घड्याळाचा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळी १० वाजता केलेली चाचणी मंच ४.३० अशी जागतिक वेळेत नोंदवतो. लॉग-प्रणालीने ती भारतीय वेळ समजली, तर पहाटेच्या नोंदी धुंडाळल्या जातात आणि निकाल 'काहीही आढळले नाही' असा येतो. नियंत्रण धडधाकट असूनही नापास ठरते.

दुसरा अडथळा विलंबाचा. नोंद यंत्रावरून निघून शोधण्यायोग्य होईपर्यंत वेळ जातो. त्यात इशाऱ्याचा नियम दर १५ मिनिटांनी चालत असेल आणि मंच ५ मिनिटांतच निकाल लावत असेल, तर तो निकाल चुकणारच. प्रतीक्षेची मुदत नियमाच्या फेऱ्यापेक्षा अधिक असली पाहिजे.

तिसरा नावांचा. तेच यंत्र एका ठिकाणी लघुनावाने, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण नावाने, तर तिसऱ्या ठिकाणी केवळ आयपी पत्त्याने ओळखले जाते. जुळणीपूर्वी ही नावे एका सुरात आणावी लागतात.

चौथा अडथळा उगमापाशीच असतो. विंडोजमध्ये नवा प्रोग्राम सुरू झाल्याची ४६८८ क्रमांकाची नोंद लेखापरीक्षणाचे धोरण चालू केल्यावरच होते, आणि त्या प्रोग्रामला दिलेली पूर्ण आज्ञा नोंदवण्यासाठी आणखी एक पर्याय निराळा चालू करावा लागतो. तो बंद असल्यास प्रोग्रामचे नाव दिसते, कृत्य दिसत नाही.

पाचवा अडथळा मनुष्यस्वभावाचा. चाचण्यांच्या इशाऱ्यांनी रात्रपाळीचे पथक हैराण होते आणि मग कोणीतरी चाचणीच्या यंत्रावरून येणारे सर्व इशारे दाबून टाकण्याचा नियम लिहितो. तेव्हापासून परीक्षेला अर्थ उरत नाही. शिवाय त्या यंत्रावर खरा चोर आला, तर त्याच्यासाठी आयते दार उघडे राहते. इशारा वाजू द्यावा, त्यावर 'चाचणी' अशी खूण नंतर लावावी, हा अधिक शहाणपणाचा मार्ग.

आपल्याकडील संदर्भ

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढण्यात आले. एटीएमच्या विनंत्या बँकेच्या मूळ लेखाप्रणालीपर्यंत पोहोचूच न देता एका बनावट स्विचने त्या मधल्यामध्ये मंजूर केल्या होत्या. जिथे नोंद होण्याची अपेक्षा होती, तो रस्ताच टाळला गेला. एखादी नोंद न येणे हाही इशारा मानावा, हा धडा त्यातून घेता येतो.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्यात, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अथवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, असे बंधन आहे. सहा तासांचे घड्याळ घटना लक्षात आल्यावर सुरू होते, हे ध्यानात घेण्याजोगे. लक्षात येण्याची हमी कोणताही निर्देश देऊ शकत नाही. ती संस्थेलाच मिळवावी लागते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. अशा चाचण्या व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीनेच कराव्यात, आरंभ राखीव यंत्रांवर करावा आणि फायरवॉल, नियम वा सर्व्हर यांत बदल झाला की त्या पुन्हा कराव्यात. काल उत्तीर्ण झालेले नियंत्रण आज उत्तीर्ण होईलच असे नाही. सोसायटीच्या फाटकावरील वही रोज कोणीतरी वाचतो काय, हे जाणण्याचा सोपा उपाय म्हणजे एके दिवशी तीत मुद्दाम खोटे नाव लिहावे आणि संध्याकाळपर्यंत कोणी विचारायला येते काय, याची वाट पाहावी.