तीन परिपत्रके आणि एक कोलमडलेले जाळे

नवे परिपत्रक आले की जुने अधिक्रमित होते, या साध्या नियमावर आपली कार्यालये चालतात. हाच नियम काटेकोरपणे पाळून एक अख्खे संगणकजाळे कसे कोलमडले, हा इतिहास मला एखाद्या चौकशी अहवालाइतकाच उद्बोधक वाटतो.

इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट १९६९ साली अमेरिकेत सुरू झाले. संदेशांना वाट दाखवण्याचे काम ‘आयएमपी’ नावाची यंत्रे करीत. १९७९ पासून प्रत्येक यंत्र आपल्या मार्गांवरील विलंब मोजून त्याचे निवेदन इतर सर्वांना कळवू लागले. निवेदनांना ० ते ६३ असे अनुक्रमांक असत; ६३ नंतर पुन्हा ०. त्यामुळे दोहोंपैकी नवे कोणते, हे वर्तुळावरील अंतरावरून ठरे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे जाळे काही तास ठप्प झाले. यंत्रे कामाच्या ओझ्याने दबली होती, मार्ग तुटल्यासारखे दिसत होते. लक्षणे सर्वत्र, कारण कोठेच नाही! अखेर अभियंत्यांनी यंत्राच्या मेमरीची नक्कल तपासली, तेव्हा ५० क्रमांकाच्या यंत्राची तीनच निवेदने रांगेत पुन्हापुन्हा आढळली: ८, ४० आणि ४४. नियमानुसार ४० हे ८ पेक्षा नवे, ४४ हे ४० पेक्षा नवे आणि ८ हे ४४ पेक्षा नवे! प्रत्येक निवेदन दुसऱ्याला अधिक्रमित करीत फिरत राहिले.

द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातील एक १ गळाला की ४०, आणखी एक गळाला की ८. सदोष यंत्राच्या मेमरीत अंक गळत होते. तारेवरून जाताना संदेशाची तपासणी होई. मेमरीत पडून असताना मात्र होत नसे. एखादे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणेही व्यर्थ होते, कारण शेजारी तेच कागद त्याच्या हाती पुन्हा देई. शेवटी ५० क्रमांकाची निवेदने दुर्लक्षावीत, अशी सूचना यंत्रांत घालावी लागली.

येथे नियम कोणीही मोडला नव्हता. चुकीचा आदेश आपोआप विरून जाण्याची सोय मात्र पुरेशी नव्हती. मानवी हस्तक्षेपाविना जाळे कसे सावरावे, हे रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये मांडले. पुढे ओएसपीएफ प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक निवेदनास वयोमर्यादा आणि तपासणी-बेरीज लाभली.

आपल्या परिपत्रकांवर अंमलाचा दिनांक असतो; समाप्तीचा क्वचितच. तो घालण्याचा आग्रह मी म्हणूनच धरतो.